मोजणीचे दोन आठवडे

चिंचोळी एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पाटलांच्या पडीक रानात पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा आहेत. कारखान्यांत कामाला आलेली माणसं तिथं भाड्यानं राहतात. कुणी वैरागकडचं, कुणी मंद्रूपचं, कुणी अक्कलकोटच्या पलीकडचं. एप्रिल लागला की दुपारी त्या खोल्यांत बसवत नाही. भिंतीला पाठ टेकली तर चटका बसतो, आणि पंखा लावला तर तो वरची तापलेली हवाच खाली ढकलतो. डॉ. वैजयंती बिराजदारनं अभ्यासासाठी ही वस्ती निवडली ती त्यामुळंच.

वैजयंती सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक आरोग्य हा विषय शिकवायची. तिच्या विभागाचा नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाशी करार झाला होता. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर आत राहणाऱ्या माणसाच्या तब्येतीत काही फरक पडतो का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. खोली थंड होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यावर कुठलंही सरकार रंगाचा खर्च करणार नाही. माणसाचा रक्तदाब, झोप, आजारपण, यात फरक दाखवावा लागतो. तिकडच्या प्रमुख प्रोफेसर एल्स साठीला आलेल्या होत्या. बोलणं कमी आणि प्रत्येक वाक्याआधी थांबायची सवय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर उन्हाळ्याचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी आपल्या देशात बरीच वर्षं काम केलं होतं. वैजयंतीला त्या आवडायच्या. दोघींची दर आठवड्याला व्हिडिओवर बैठक व्हायची आणि क्वचितच काही अडायचं.

रंग अर्ध्या घरांनाच द्यायचा होता. कोणत्या घरांना, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. वस्तीत लिंबाच्या झाडाखाली सगळ्यांना बोलावून वैजयंतीनं हे समजावून सांगितलं, तेव्हा मालती नावाची बाई उठून उभी राहिली. मालती वैरागची. तिचा नवरा नंदू एका कारखान्यात पाळीनं कामाला जायचा.

"सगळ्यास्नीच रंग द्या की, मॅडम. अर्ध्यांनी काय पाप केलंय?"

"सगळ्यांना दिला तर फरक रंगानं पडला की आणखी कशानं, ते कळणार नाही," वैजयंती म्हणाली. "उरलेल्यांना नंतर देणार आहोत. तसं लिहून दिलंय आम्ही."

"नंतर म्हंजी कवा?"

"दोन उन्हाळे झाले की."

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. तेवढ्यात झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेला एक म्हातारा बोलला. त्याचं नाव सिद्धलिंगप्पा. अक्कलकोटकडं त्याची थोडी शेती होती. बायको गेल्यावर मुलगा गुरू त्याला इकडं घेऊन आला होता.

"चिठ्ठीत निघंल ते निघंल," तो म्हणाला. "आपण हो म्हणलं की हो. मग कुरकुर करायची न्हाई."

चिठ्ठी मालतीच्या नावानं निघाली. तिच्या समोरच्या रांगेतली सिद्धलिंगप्पाची खोली तशीच राहिली. त्यानं सही केली, मुलगा आणि सून श्रीदेवी यांनीही केली. मार्चमध्ये माणसं शिड्या लावून पत्र्यावर चढली आणि अर्धी वस्ती दुरून दिसेल इतकी पांढरी झाली.

मग मोजणी सुरू झाली. प्रत्येक खोलीत भिंतीला काडेपेटीएवढं तापमान टिपणारं यंत्र लावलं. माणसांच्या मनगटाला झोपेची नोंद घेणारा पट्टा. आठवड्यातून एकदा, पाळी सुरू व्हायच्या आत, सकाळी टीम येऊन सगळ्यांचा रक्तदाब घ्यायची. एप्रिलच्या शेवटी पहिले आकडे तिकडं गेले. त्या आठवड्याच्या बैठकीत एल्सनी ते पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले.

"पांढरी खोली बरीच थंड आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "ते स्वच्छ दिसतंय. पण माणसांत फरक नाही. रक्तदाब सारखाच, दुपारची झोप सारखीच. न रंगवलेल्या घरांतल्या माणसांची तब्येत जशी असायला हवी त्याच्यापेक्षा चांगली आहे. मला याचा अर्थ लागत नाही."

"यंत्रं बिघडली असतील?"

"सगळी?"

वैजयंती म्हणाली, मी स्वतः जाऊन बघते. दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी वस्तीवर गेली. यापूर्वी ती त्या वेळी कधी गेली नव्हती. सगळं काम सकाळचं, आणि दुपारी महाविद्यालयात तिचे तास असायचे. स्कूटर लिंबाखाली लावून ती सिद्धलिंगप्पाच्या दाराशी आली. दाराला बाहेरून कडी. शेजारच्या दाराला कडी. पुढच्याही. सगळे कुठं बाहेर गेले असावेत असं तिला वाटलं, तोच समोरच्या मालतीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला.

खोली माणसांनी भरली होती. पंख्याखाली सिद्धलिंगप्पाची बाज आणि बाजेवर तो उघड्या अंगानं पडलेला. खाली मालती, श्रीदेवी आणि आणखी दोघीतिघी मधे सूप ठेवून शेंगा फोडत बसल्या होत्या.

"या की मॅडम, बसा," मालती सरकून जागा करत म्हणाली. "हितं लई गार वाटतंय बगा."

"तुम्ही रोज इथं असता?"

"रोज की," श्रीदेवी म्हणाली. "जेवणं झाली की येतोय, उनं कलली की जातोय. मामांना तिकडं बसवंना. एकदा चक्कर येऊन पडलेच. तवा मालतीताई म्हणल्या, आणा त्यांना हिकडं."

"त्याच्या आदी आमी एकमेकींचा उंबरा बी चढलो नव्हतो," मालती म्हणाली. "ह्यांच्या घरात कानडी. मला काय कळंना. मला वाटायचं, ह्या मलाच काय तरी बोलत्यात. आता अर्धं कळतंय."

"अर्धं न्हाई," सिद्धलिंगप्पा डोळे न उघडता म्हणाला. "पाव."

सगळ्या हसल्या. वैजयंतीही हसली. तिनं मूठभर शेंगा खाल्ल्या, पाणी प्यायली आणि रांगेतल्या बाकीच्या खोल्या बघून आली. सगळीकडं तेच. पांढऱ्या पत्र्याखाली दोन दोन घरांची माणसं, आणि न रंगवलेल्या पत्र्याखाली नुसतं भिंतीवरचं यंत्र, रिकाम्या खोलीची उष्णता टिपत बसलेलं.

संध्याकाळी तिनं एल्सना हे सांगितलं. एल्स आधी हसल्या. मग गंभीर झाल्या. कारण दोघींनाही पुढचं दिसत होतं. उन्हाळा असाच गेला तर अभ्यासाचा निष्कर्ष निघणार होता की रंगानं तब्येतीत काही फरक पडत नाही. तो निष्कर्ष छापला जाईल, आणि उद्या कुणी पत्र्याच्या घरांसाठी रंग मागायला गेलं की तोच पुढं केला जाईल. आणि तो खोटा असेल.

"मे महिन्यातले दोन आठवडे मुख्य मोजणीचे आहेत," वैजयंती म्हणाली. "तेवढे दोन आठवडे दुपारी आपापल्या घरी राहा, असं मी त्यांना सांगू शकते."

एल्स थांबल्या. "तिथं ते योग्य ठरेल का?"

"वर्षानुवर्षं ते त्याच पत्र्याखाली राहत आलेत. आपण नवीन काही करायला सांगत नाही."

"तुमच्या नीतिसमितीला विचारा. अभ्यासाला परवानगी त्यांनीच दिलीय."

"समितीची बैठक जुलैमध्ये आहे. तोवर उन्हाळा संपेल."

 मग एल्स म्हणाल्या, "तुम्ही तिथं आहात. तुम्हाला ते जास्त कळतं."

वैजयंतीनं याचा अर्थ होकार असा घेतला.

मेच्या सुरुवातीला ती वस्तीवर गेली आणि लिंबाखाली पुन्हा सगळ्यांना बसवलं. सक्ती नाही, विनंती आहे, असं तिनं आधीच सांगितलं. कुणाला त्रास व्हायला लागला तर लगेच गार जागी जायचं, पाणी प्यायचं, फोन करायचा, हेही सांगितलं. रंग सगळीकडच्या लोकांना मिळावा असं वाटत असेल तर एवढे दोन आठवडे कळ काढा, असं ती म्हणाली. बोलताना तिला ते पटलेलं होतं.

मालती चिडली. "म्हंजी आप्पा तितं भाजत्याल आन मी हितं गार झोपू? आसलं कसलं वो तुमचं शास्त्र?"

"दोनच आठवडे, मालतीताई."

"तुमी बसा की तितं दोन आठवडं."

 त्याला उत्तर सिद्धलिंगप्पानं दिलं. "अगं बाई, आपण सही केलीय का न्हाई? मग झालं. डाक्टरबाई कुणासाठी करतीया हे? तिच्या घराला स्लॅब हाय."

माणसं उठून गेली. काहींनी विनंती मानली, काहींनी दुसऱ्याच दिवशी सोडून दिली. सिद्धलिंगप्पानं मानली. दुपारी श्रीदेवी त्याला म्हणायची, "जावा की मामा तिकडं. कोन बघायला येतंय?" तो म्हणायचा, "कोन बघायला न्हाई म्हणूनच." ती ओला पंचा त्याच्या अंगावर टाकायची आणि स्वतःही दारात बसून राहायची. मालती दोनतीनदा येऊन त्याच्याशी भांडली. एकदा तिनं ताक आणून दिलं. त्यानं ताक घेतलं, बाज काही हलवली नाही.

दुसऱ्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला. एका दुपारी श्रीदेवी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेली. तिथं पोचली आणि वीज गेली. डबा तसाच ठेवून परत यायचं का, असं तिच्या मनात आलं, पण घरात पीठ नव्हतं. ती थांबली. वीज आली तेव्हा रांग मोठी होती. इकडं खोलीतला पंखाही बंदच होता.

ती परतली तेव्हा सिद्धलिंगप्पा बाजेवर उठून बसला होता आणि भिंतीकडं बघून कानडीत बोलत होता. बैल सोडायला सांगत होता. श्रीदेवीनं हाक मारली, त्यानं तिला ओळखलं नाही. अंगाला हात लावला तर कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली. ती दारात येऊन ओरडली. मालती धावत आली. दोघींनी मिळून बाज उचलून समोरच्या खोलीत नेली, चादरी भिजवून अंगावर टाकल्या, हंडे ओतले. नंदू रात्रपाळी करून झोपला होता. त्याला उठवून रिक्षा आणवली. रिक्षात म्हाताऱ्याला झटके यायला लागले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याची शुद्ध गेली होती.

वैजयंतीला फोन आला तेव्हा ती वर्गात होती. ती हॉस्पिटलात गेली, अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांशी बोलली, मग बाहेर बाकावर बसलेल्या श्रीदेवीजवळ आली. श्रीदेवीच्या लुगड्याला अजून पीठ होतं. तिनं वैजयंतीकडं बघितलं नाही. गुरू कारखान्यातून तसाच आला होता. तो म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही काही बोलू नका." वैजयंती पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मालती तिथंच होती. तिनं बाटलीतलं पाणी पुढं केलं.

त्याच संध्याकाळी वैजयंतीनं वस्तीतल्या सगळ्यांना निरोप पाठवला की कुणीही, कुठंही, कसंही बसावं. मग तिनं महाविद्यालयाला आणि नीतिसमितीला घडलं ते कळवलं. विनंती आपण केली, समितीला न विचारता केली, असं तिनं त्यात म्हटलं. एल्सना फोन केला. एल्सनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. ते सोपं होतं."

"निर्णय माझा होता."

"हो," एल्स म्हणाल्या. "पण आपण दोघी होतो."

समितीची तातडीची बैठक झाली. अभ्यास थांबवला गेला. चौकशीत वैजयंतीला पुष्कळ प्रश्न विचारले गेले आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. अभ्यासाचं प्रमुखपद तिच्याकडून काढून विभागातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडं दिलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. घरी आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, बरोबरच केलं त्यांनी. 

सिद्धलिंगप्पा वाचला. तीन आठवडे हॉस्पिटलात होता. मूत्रपिंडांवर आलेला ताण हळूहळू उतरला, पण पायांतली ताकद पूर्ण आली नाही. तो काठी घेऊन चालू लागला आणि बोलताना मधेच एखादा शब्द हरवू लागला. पावसाळ्यात एकदा वैजयंती त्याला भेटायला गेली. माफी मागायची असं तिनं ठरवलं होतं आणि ती तिनं मागितली, श्रीदेवीसमोर.

सिद्धलिंगप्पा म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून न्हाई बसलो, यव्वा. मी हो म्हणलं होतं म्हणून बसलो."

श्रीदेवी चुलीपाशी होती. ती वळली. "मामा काय बी म्हणत्यात. तुमची माफी तुमच्यापाशी ठेवा. फुडच्या उन्हाळ्याच्या आत आमचा पत्रा रंगवून द्या."

"देणार," वैजयंती म्हणाली.

हे देणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. करारात दोन उन्हाळे लिहिले होते आणि नव्या प्रमुखांना कुठलाही बदल नको होता. वैजयंती त्यांच्या मागं लागली, मग एल्सच्या. एल्स डिसेंबरमध्ये सोलापूरला आल्या. समितीपुढं दोघी एकत्र बसल्या. अभ्यास पुढं चालवायचा, पण पुढच्या उन्हाळ्याआधी सगळे पत्रे रंगवायचे, आणि तुलना या वस्तीची याच वस्तीच्या आधीच्या उन्हाळ्याशी करायची, असं त्यांनी मांडलं. अशी तुलना कमी पक्की असते. एल्सनी ते लपवलं नाही. तरी समितीनं मान्यता दिली. पहिल्या उन्हाळ्याच्या लेखात माणसं शेजारी जाऊन बसत होती, त्यांना तसं न करण्याची विनंती केली गेली आणि त्यातून एकाच्या जिवावर बेतलं, हे सगळं येईल, असंही ठरलं. लेख आला तेव्हा त्यात ते होतं. आणखी एक गोष्ट होती. ज्यांच्या समोरचं किंवा शेजारचं घर पांढरं होतं त्यांनाही रंगाचा फायदा मिळत होता, आणि तो का, हे आता लोकांना विचारून लिहिलेलं होतं. त्या लेखाचा पुढं बऱ्याच ठिकाणी उल्लेख झाला.

त्या मार्चमध्ये पुन्हा शिड्या लागल्या. उरलेली घरं पांढरी झाली.

मेमध्ये वैजयंती वस्तीवर गेली, ती टीममधली साधी सदस्य म्हणून. आता मोजणी दुपारची होती. हा बदल तिनंच सुचवला होता. रांगेतली बहुतेक दारं आतून लावलेली होती आणि एकेका दारामागून टीव्हीचा आवाज येत होता. लिंबाखाली कुणी नव्हतं. सिद्धलिंगप्पा आपल्या खोलीत आपल्या बाजेवर होता. श्रीदेवीला जवळच्याच एका शिवणकामाच्या कारखान्यात काम लागलं होतं. ती संध्याकाळी यायची.

वैजयंतीनं त्याच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब चांगला होता. भिंतीवरचं यंत्र गेल्या वर्षापेक्षा पुष्कळ कमी दाखवत होतं.

"गार आहे ना?"

"गार हाय," तो म्हणाला.

"मालतीताई?"

"गेली की. नंदूला तिकडं काम मिळालं. चाकणला. फोन करतीया श्रीदेवीला. कानडीत बोलतीया." तो हसला. "चुकत चुकत."

"समोर कोण आलंय?"

"हायत कुणीतरी. नवी मानसं."

"तुम्ही गेला नाहीत त्यांच्याकडं?"

सिद्धलिंगप्पानं तिच्याकडं असं बघितलं, जणू प्रश्नच त्याला कळला नव्हता. "कशाला? गार तर हितं बी हाय."

ती थोडा वेळ बसली. मोजणीत विचारायचे सगळे प्रश्न विचारून झाले होते. त्यानं डोळे मिटले तशी ती उठली, दार ओढून घेतलं आणि समोरच्या खोलीचं दार वाजवलं. नव्या भाडेकरूंची संमती घ्यायची होती.

दार एका तरुण बाईनं उघडलं. ती मंद्रूपची होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वैजयंतीनं रंगाबद्दल आणि अभ्यासाबद्दल सगळं सांगितलं. नको वाटलं तर कधीही नाही म्हणता येतं, हे दोनदा सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे आले की विचारते.

वैजयंती निघाली तेव्हा बाई दारातच उभी होती. तिनं समोर बोट दाखवलं.

"तितं कोन राहतंय वो, मॅडम? तुमी आतनं आला म्हणून इचारलं."

"एक म्हातारे गृहस्थ आहेत. सून कामाला जाते. दुपारी एकटेच असतात."

"व्हय?" बाई त्या बंद दाराकडं बघत राहिली. "मला वाटलं, खोली मोकळीच हाय."